४२९४९६७२९७ : मूळ आहे का, अवयव कसे काढायचे, आणि संगणक इथे का चुकतो

प्रश्न असा आहे: ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? नसेल तर तिचे अवयव हाताने काढता येतात का? आणि तिच्याबद्दल आणखी काय सांगता येते?

आधी सरळ उत्तर. ही मूळ संख्या नाही. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. हाताने काढायला कागदाचे एक पान पुरते, पण त्यासाठी संख्येचे अंक बाजूला ठेवून तिची घडण पाहावी लागते.

४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ ही संख्या समोर आली की शाळेतल्या कसोट्या लावायचा मोह होतो. लावून पाहू. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ने भाग जात नाही. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून-पालटून वजा-अधिक करायचे: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला ७, ११, १३ यांपैकी कोणीच निःशेष भागत नाही, म्हणून तेही बाद. या रस्त्याने पुढे गेलात तर ६४१ पर्यंत पोहोचायला ११६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल, कारण ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. आणि ही संख्या खरोखरच मूळ असती, तर ते सिद्ध करायला वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या ६५४२ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या.

आता घडण पाहा. २^१६ = ६५५३६ (^ हे चिन्ह घातासाठी वापरतो आहे) आणि त्याचा वर्ग २^३२ = ४२९४९६७२९६. म्हणजे आपली संख्या २^३२ + १ आहे. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मालिकेतली ही पुढची संख्या. यांना फर्मा संख्या म्हणतात. २ चा घात अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२ घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. पहिल्या पाच मूळ आहेत. पुढच्याही सगळ्या मूळ असणार असे फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये पत्रातून लिहिले होते. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितीने आपला गणिती मित्र ऑयलर याचे लक्ष या विधानाकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा अवयव दाखवून ते मोडले.

कोणते भाजक शक्य आहेत हे घडणीवरूनच ठरते, आणि सगळा वेळ तिथेच वाचतो. समजा मूळ संख्या प ने २^३२ + १ ला निःशेष भाग जातो. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे प−१) राहते आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १ होते. २ चा जो सर्वांत लहान घात प ने भागल्यावर बाकी १ देतो, तो ६४ चा भाजक असला पाहिजे. पण तो ३२ किंवा त्याहून लहान असू शकत नाही, कारण तसे असते तर ३२ व्या घाताला −१ ऐवजी १ आली असती. म्हणून तो नेमका ६४ आहे. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(प−१) चीही बाकी १ असते, म्हणून ६४ ने प−१ ला भाग जातो. थोडक्यात, प = ६४क + १ (क ही कोणतीतरी पूर्ण संख्या).

अशा संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... त्यांतल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्या भागाकाराला उत्तर. ल्युका या फ्रेंच गणितीने एकोणिसाव्या शतकात हे आणखी घट्ट केले. प ला ८ ने भागून बाकी १ उरते, त्यामुळे प च्या हिशेबात २ हा कुठल्या तरी संख्येच्या वर्गाची बाकी असतो, आणि मग ६४ ने (प−१)/२ लाच भाग जातो. म्हणजे प = १२८क + १. आता उमेदवार उरतात दोनच: २५७ आणि ६४१. त्यातला २५७ तर न भागताच बाद होतो, कारण तो स्वतः फर्मा संख्या आहे आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांचा मसावि १ असतो. (३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, म्हणजे आपल्या संख्येहून २ ने कमी. या पाचांपैकी कोणीही भागले तरी बाकी २ च उरणार.)

ही गोष्ट मला चुटपुट लावून जाते, कारण हे हत्यार फर्माच्या हातात होते. त्याच १६४० साली त्याने २^३७ − १ चा अवयव २२३ शोधला होता, तो भाजक ७४क + १ याच रूपाचा असणार हे ओळखून. तीच युक्ती इथे लावली असती तर पाच भागाकारांत त्याचे विधान त्यालाच तपासता आले असते.

भागाकार करतानाही दहा अंकी संख्या उचलू नका. २^१६ पासून सुरू करा, बाकी काढा, तिचा वर्ग करा, पुन्हा बाकी काढा. ६४१ साठी: ६५५३६ = ६४१ × १०२ + १५४. मग १५४ × १५४ = २३७१६ = ६४१ × ३६ + ६४०. ६४० म्हणजेच −१. त्यात १ मिळवला की शून्य. झाले. हीच रीत १९३ ला लावली तर आपल्या संख्येची बाकी १०९ येते, ४४९ ला ३२५, ५७७ ला २८८.

६४१ साठी याहूनही देखणी सिद्धता आहे, तीत भागाकारच नाही. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६). पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

आता ६७००४१७ मूळ आहे हे दाखवायचे राहिले. इथे बरेच जण थांबतात आणि उत्तर अर्धे सोडतात. याचेही मूळ अवयव १२८क + १ याच रूपाचे असणार, कारण ते मोठ्या संख्येचेही अवयव आहेत. वर्गमूळ २५८८ च्या थोडे पुढे आहे. त्याच्या आत १२८क + १ रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. ६७००४१७ ला यांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. एवढ्यावर अवयव पाडणे पूर्ण झाले.

मूळ अवयव हाती आले की बाकीचे गुणधर्म पटापट निघतात. भाजक चार: १, ६४१, ६७००४१७ आणि संख्या स्वतः. त्यांची बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६. संख्येला सोडून उरलेल्या भाजकांची बेरीज ६७०१०५९ भरते, म्हणजे संख्येच्या मानाने फारच थोडी. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. बायनरीत लिहिली तर ३३ अंक, दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये. सोळाच्या पायात १००००००००१ नव्हे, तर १०००००००१ : दोन एककांमध्ये सात शून्ये. ही गफलत पुष्कळदा होते, म्हणून मोजून लिहा.

वर्गांच्या बेरजेचा गुणधर्म मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. ४ ने भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. इथे ६४१ = २५² + ४² आणि ६७००४१७ = २५५६² + ४०९². या दोन जोड्यांचा गुणाकार दोन रीतींनी जोडता येतो:

२५ × ४०९ − ४ × २५५६ = १०२२५ − १०२२४ = १
२५ × २५५६ + ४ × ४०९ = ६३९०० + १६३६ = ६५५३६

आणि चिन्हे उलटवली की

२५ × ४०९ + ४ × २५५६ = २०४४९
२५ × २५५६ − ४ × ४०९ = ६२२६४

म्हणजे ४२९४९६७२९७ = ६५५३६² + १² = ६२२६४² + २०४४९². नेमके दोनच प्रकार. पहिला तर संख्येच्या रूपातच दिसतो. दुसरा सापडला, तेवढ्यानेच ती संयुक्त असल्याचे सिद्ध होते, आणि अवयवही उलट काढता येतात. रीत ऑयलरचीच. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८ यांचा मसावि ८. ६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५० यांचा मसावि ५०. दोन्हींची निम्मी ४ आणि २५; ४² + २५² = ६४१. अडचण एकच: दुसरा प्रकार शोधणेच कष्टाचे आहे, म्हणून या संख्येसाठी ही पद्धत पडताळ्यापुरती ठेवा.

फर्माची दोन वर्गांच्या वजाबाकीची पद्धतही इथे वापरू नका. ती अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच कामाची. इथे ३३५०५२९² − ३३४९८८८² पर्यंत जावे लागते. ६५५३७ पासून एकेक संख्या तपासत निघालात तर ३२ लाखांहून जास्त पायऱ्या.

आता संगणकाकडे. या संख्येवर मूळपणाची चाचणी लिहिणाऱ्यांना हमखास विचित्र उत्तरे मिळतात, आणि त्याची कारणे पुन्हा तिच्या घडणीतच आहेत.

पहिले कारण गणिती. फर्माची चाचणी (पायाचा ‘संख्या−१’ वा घात संख्येने भागल्यावर बाकी १ येते का ते पाहणे) पाया २ घेऊन केली तर ही संख्या पास होते. २ चा ६४ वा घात या संख्येने भागल्यावर बाकी १ देतो. संख्येतून १ वजा केला की २^३२ उरतो, आणि त्याला ६४ ने निःशेष भाग जातो. म्हणून २^(संख्या−१) ची बाकी १ येणारच. त्याहून कडक अशी मिलर–राबिन चाचणीही पाया २ वर हिला मूळच ठरवते, कारण वर्ग करत जाताना पाचव्या पायरीला २^३२, म्हणजे बाकी −१, भेटते. खरे तर सगळ्याच फर्मा संख्या पाया २ ला चकवतात. तेव्हा पाया २ इथे निरुपयोगी आहे, ३ घ्या. पेपँची कसोटी तर खास फर्मा संख्यांसाठीच आहे: ३ ने सुरू करून ३१ वेळा वर्ग करा आणि प्रत्येक वेळी बाकी काढा. शेवटी −१, म्हणजे ४२९४९६७२९६, आली तर आणि तरच संख्या मूळ. इथे शेवटी १०३२४३०३ येते. आणखी एक वर्ग केला की ३०२९०२६१६०. मूळ असती तर इथे १ यायला हवी होती. तुमचा प्रोग्राम तपासायला मधली एक किंमतही घ्या: पाचव्या वर्गानंतर बाकी ३७९३२०१४५८ असली पाहिजे.

दुसरे कारण जागेचे. ३२ बिटांच्या प्रकारात ही संख्या मावत नाही. ठेवली तर तिथे १ उरतो, आणि १ ने भागल्यावर प्रत्येक बाकी शून्य. हे लवकर लक्षात येते. ६४ बिटांच्या चिन्हरहित प्रकारातला घोळ मात्र बराच लपून राहतो. त्या प्रकारातली सर्वांत मोठी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५, म्हणजे २^६४ − १. आपल्या हिशेबातली सर्वांत मोठी बाकी २^३२. तिचा वर्ग २^६४, मर्यादेपेक्षा बरोबर १ ने जास्त, म्हणून उत्तर ०. इतर कोणत्याही बाकीचा वर्ग बिनधोक मावतो; फक्त हीच एक बाकी फसवते. आणि पाया २ च्या चाचणीत पाचव्या पायरीला नेमकी तीच येते. परिणाम असा की सी भाषेतला साधा प्रोग्राम शेवटी ० दाखवतो आणि ‘संयुक्त’ असे सांगतो. निष्कर्ष बरोबर, पण चुकीच्या हिशेबातून. खरी बाकी १ आहे आणि चाचणी खरे तर फसायला हवी होती. उत्तर जुळले म्हणून असा प्रोग्राम दुसऱ्या संख्यांसाठी वापरू नका. गुणाकार १२८ बिटांत करा किंवा पायथन घ्या, तिथे पूर्णांकांना अशी मर्यादा नाही.

जावास्क्रिप्टच्या साध्या नंबर प्रकारात याच्या उलट घडते. तिथे २ चे घात अचूक राहतात, म्हणून पाया २ ला बरोबर १ येते. पण इतर पूर्णांकांची हमी २^५३ पर्यंतच. पाया ३ ला पाचवा वर्ग १८५३०२०१८८८५१८४१ अजून मर्यादेत असतो, सहावा नाही. तिथून पुढचे सगळे आकडे कचरा. त्याऐवजी बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरा. एक्सेल तर १५ अंकांपुढचे अंक राखत नाही, त्यामुळे या कामात ते घेऊच नका.

अवयव काढायला पोलार्डची प−१ पद्धत (पायाचा मोठा घात घेऊन त्यातून १ वजा करायचा आणि त्याचा संख्येशी मसावि काढायचा) लावत असाल तरीही पायाकडे लक्ष द्या. ६४० = २^७ × ५, फार लहान अवयवांचा; उलट ६७००४१६ = २^७ × ३ × १७४४९. म्हणून पाया ३ घेऊन ३^६४० − १ आणि आपली संख्या यांचा मसावि काढला की थेट ६४१ मिळतो. पाया २ घेतला तर ६४० ला ६४ ने भाग जात असल्यामुळे मसावि म्हणून अख्खी संख्याच परत येते आणि पद्धत बंद पडल्यासारखी दिसते. दोष पद्धतीत नसून पायात आहे.

ज्यांना हॅशिंगसाठी (माहितीला ठरावीक मर्यादेतला आकडा नेमून देण्यासाठी) किंवा बाक्यांच्या अंकगणितासाठी ३२ बिटांच्या आसपासचा मूळ भाजक हवा असतो, ते कधी कधी २^३२ + १ उचलतात, कारण ६५५३७ मूळ आहे हे पाठ असते. इथे गुणाकार व्यस्त नसलेल्या बाक्या ६७०१०५७ आहेत, शून्य धरून. म्हणजे साधारण ६४१ मध्ये एक. दहा-वीस आकडे घेऊन केलेल्या तपासणीत ती एक बहुधा सापडतच नाही, आणि दोष पुढे खऱ्या कामात वर येतो. त्याऐवजी ४२९४९६७२९१ घ्या (२^३२ च्या खालची सर्वांत मोठी मूळ संख्या) किंवा ४२९४९६७३११ (वरची सर्वांत लहान).

भूमितीतही हिचा संबंध येतो. कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने जो सुसम बहुभुज काढता येतो, त्याच्या बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. माहीत असलेल्या पाचही घेतल्या की ४२९४९६७२९५ बाजू होतात. दोन बाजू वाढवून ४२९४९६७२९७ केल्या की तो बहुभुज तसा काढता येत नाही, कारण ६४१ आणि ६७००४१७ या फर्मा संख्या नाहीत.

हीच रीत पुढच्या फर्मा संख्येला, २^६४ + १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ला, लावून पाहायची असेल तर भाजक २५६क + १ या रूपाचे घ्या. पहिला भाजक क = १०७१ ला मिळतो: २७४१७७. जोडीदार ६७२८०४२१३१०७२१. लँड्री या फ्रेंच गणितीने हे १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी काढले. त्यापुढे मात्र हाताचे काम संपते: २^(२^५) + १ पासून २^(२^३२) + १ पर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त असल्याचे माहीत आहे, पण पूर्ण अवयव फक्त २^(२^११) + १ पर्यंतच्याच हाती आहेत. २^(२^२०) + १ आणि २^(२^२४) + १ या दोन तर संयुक्त असल्याचे सिद्ध होऊनही त्यांचा एकही अवयव अजून कोणाला सापडलेला नाही.